बालकांचे शय्यामूत्र आणि कण्यावरील हस्तोपचार

शय्यामूत्राच्या तक्रारीसाठी बालकास घेऊन येणारे पालक अलीकडे आम्हांस एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत : "मुलाचा कणा सेट करून घेतला तर हे थांबेल का?" एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्राच्या वसाहतीत काय किंवा आसपासच्या खेड्यांत काय, मान व कंबर मुरडून 'कट्' असा आवाज काढणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर घरोघरी पोहोचल्या आहेत. या उपचारास कायरोप्रॅक्टिक म्हणतात. आपल्या व्यवसायबंधूंपैकी काहींना तो शिकून घ्यावासा वाटतो, म्हणून त्याचा विचार येथे करीत आहोत.

अमेरिकेतील आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली ही पद्धती सुरू केली. मणके किंचित सरकल्याने नाड्यांच्या कार्यात अडथळा येतो व त्यातून रोग उद्भवतात, ही त्यांची कल्पना. मूत्राशयाच्या आकुंचनाचे नियमन करणाऱ्या नाड्या मज्जारज्जूच्या दुसऱ्या ते चौथ्या त्रिक खंडांतून निघतात हे खरे आहे. त्यामुळे कंबरेखालचा भाग 'जागेवर बसविला' की मूत्रावर ताबा येईल, असे अनुमान केले जाते. श्रोणी व बस्ती हे अपानाचे क्षेत्र मानणाऱ्या वैद्यास हे विवेचन चटकन पटते. परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे. शय्यामूत्र असणाऱ्या बालकांचे मणके सरकलेले असतात, असे दाखविता आलेले नाही.

प्रयोग काय सांगतात? १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १७१ बालकांवर हे उपचार झाले. यशस्वी ठरलेली बालके सुमारे १५.५ टक्के होती. तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट नव्हता. १९९४ च्या प्रयोगात ४६ बालके होती. उपचार घेतलेल्या गटातील ओल्या रात्री दोन आठवड्यांत सरासरी ९.१ वरून ७.६ झाल्या, लटका उपचार केलेल्या गटात १२.१ च्या जागी १२.२ राहिल्या. आकडे पाहून हुरळून जाऊ नये. दोन्ही गट आरंभापासूनच विषम होते, आणि ४६ ही संख्या फार लहान आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०११ च्या समीक्षेतही हा पुरावा दुर्बळच ठरला.

आता मुख्य मुद्दा. पाच वर्षांच्या बालकांपैकी सुमारे १५ टक्के अंथरूण ओले करतात, आणि त्यानंतर दरवर्षी त्यांतील सुमारे १५ टक्के काहीही न करता बरे होतात. जो उपचार वर्षभर चालेल, त्याच्या पदरी हे यश आयतेच पडते. ही वजाबाकी कायरोप्रॅक्टिकला लागू करावयाची आणि आपल्या चंद्रप्रभेला, तीळ-ओवा-गुळाच्या गोळीला मात्र सूट द्यावयाची, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. शार्ङ्गधरांनी बालरोगांत शय्यामूत्राची गणना केली आहे, तेव्हा हा रोग आपला खराच. म्हणूनच उपचारापूर्वी दोन आठवडे ओल्या-कोरड्या रात्रींची नोंद पालकांकडून ठेवून घ्यावी. आम्ही स्वतः हे फार उशिरा सुरू केले.

आमच्याकडे आलेला नऊ वर्षांचा एक मुलगा विसरता येत नाही. तीन वर्षे कोरडा राहिलेला हा मुलगा पुन्हा अंथरूण ओले करू लागला, म्हणून त्याला एके ठिकाणी कण्याच्या सहा बैठका देण्यात आल्या होत्या. तहान वाढलेली, वजन घटलेले. रक्तशर्करा तपासताच मधुमेह निघाला व त्यास त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे लागले. आणखी आठवडा गेला असता तर काय झाले असते, हे वाचकांस सांगावयास नको.

सहा महिन्यांहून अधिक काळ कोरडे राहून पुन्हा सुरू झालेले शय्यामूत्र, दिवसाही होणारे मूत्रस्राव, मूत्रदाह, अतितृष्णा, चालण्यात बदल, यांपैकी काही आढळल्यास प्रथम तपासणी करावी. मलावष्टंभ तर प्रत्येकास विचारावा. भरलेले मलाशय मूत्राशयास दाबते आणि ते मोकळे झाले की कित्येक बालकांची तक्रार ओसरते. पाठही उघडी करून पाहावी. कमरेच्या खाली केसांचा झुपका, खळगा किंवा गाठ असल्यास आत मज्जारज्जूचा जन्मजात दोष असू शकतो. अशा पाठीला झटका देणे धोक्याचे आहे. बालकाच्या त्रिकास्थीचे मणके अद्याप एकजीव झालेले नसतात, हेही स्मरणात असावे. सौम्य अभ्यंग निराळा, झटक्याने सांधा हलविणे निराळे.

औषधी दुकानदारांस दोन सूचना. डेस्मोप्रेसिन घेतलेल्या रात्री बालकाने भरपूर पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत घटू शकते. इमिप्रामिनच्या थोड्या जादा गोळ्या घरातील लहान भावंडाच्या हाती लागल्या तरी हृदयावर परिणाम होतो. चिठ्ठीविना ही औषधे देऊ नयेत.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे ओल लागताच वाजणारा गजर. दोन-तीन महिने तो नेटाने वापरावा लागतो. गजर वाजतो, मूल मात्र गाढ झोपलेले असते; त्याला उठविण्यास मोठे माणूस लागतेच. एकलहरे येथे वडील रात्रपाळीस आणि आई दिवसभराच्या कामाने थकलेली, अशा घरी हा उपाय पहिल्या आठवड्यातच बारगळतो. म्हणून आम्ही गजर सुचविण्यापूर्वी पाळ्यांचे वेळापत्रक विचारतो, आणि ज्या महिन्यात आजी किंवा मोठी बहीण घरी असेल त्या महिन्यात आरंभ करावयास सांगतो.