बुरूड राजाच्या कोटाखालचं बंदर

विरार फास्टला बोरिवलीच्या प्रवाशाने चढू नये, हा पश्चिम रेल्वेवरचा अलिखित कायदा आहे. तो पाळता पाळता अंधेरी-बोरिवलीकरांना नालासोपारा कळला तो एवढाच: स्टेशनवरची रेटारेटी, जुलैत पाण्याखाली जाणारे रूळ आणि त्यातल्या त्यात परवडणारं वन रूम किचन. चौल, दाभोळ, वेंगुर्ला बघायला लोक हौसेने सुट्ट्या टाकतात. बोरिवलीपासून अर्ध्या-पाऊण तासावरचं सोपारा हे बंदर मात्र कुणाच्या सहलीच्या यादीत नाही.

बंदर जुनं, आणि कागदोपत्री भक्कम. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत ते सुप्पारा आहे, टॉलेमीकडे सौपारा, महाभारतात शूर्पारक. इथल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा ‘दिव्यावदाना’त येते. कार्ल्याच्या चैत्यगृहातला एक खांब सोपाऱ्याच्या भिक्षूने दिलेला आहे. कान्हेरीच्या लेखांतही सोपाऱ्याचे दाते भेटतात, म्हणजे बोरिवलीचं सोपाऱ्याशी नातं लोकलच्याही बरंच आधीचं. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखात आपल्या दानधर्माची यादीच कोरून ठेवली आहे. भरुकच्छ, दशपूर आणि गोवर्धन यांच्या बरोबरीने त्याने शूर्पारकातही चौसोपी धर्मशाळा बांधली. इथल्या रामतीर्थासह चार ठिकाणच्या चरकांच्या, म्हणजे फिरत्या साधूंच्या, परिषदांना त्याने नारळाची झाडं दिली. फ्रेंच अभ्यासक सेनार्तच्या वाचनानुसार ती ३२,००० भरतात. सासऱ्याच्या राज्यात जावयाने हात किती सैल सोडावा!

पुढे खाडी गाळाने भरत गेली. १५३४ नंतर पोर्तुगीजांनी वसईला तटबंदी घातली आणि सोपारा मागे पडला तो कायमचाच. ही हकीकत वसईच्या किल्ल्यावरच्या प्रत्येक पुस्तकात असते, इथे तिचा विस्तार नको.

खरी गोष्ट १८८२ची आहे आणि तिचा नायक आहे पंडित भगवानलाल इंद्रजी. जन्म १८३९चा, जुनागढचा. गिरनारच्या पायथ्याचा अशोकलेख हा या मुलाचा पहिला गुरू. इंग्रजी शिक्षण जवळपास नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्याला मुंबईला आणलं, आणि देशभर हिंडून शिलालेखांचे ठसे आणण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. त्या कामाचं श्रेय बऱ्याचदा भाऊंच्या नावावर जमा झालं. भाऊ मोठेच होते, पण पायपीट पंडितांची होती, हे मुंबईकरांनी विसरू नये. १८७४ साली भाऊ गेल्यावर भगवानलाल स्वतःच्या नावाने लिहू लागले, तेही गुजरातीत. त्याचं इंग्रजी दुसरे करत. पुढे लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांच्याबरोबर काम करत असताना भगवानलाल सोपाऱ्यात पोचले. गावाबाहेर एक उंचवटा होता. लोक त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. टोपल्या विणणाऱ्या राजाची दंतकथा गावाला पुरेशी होती, पंडितांना नव्हती. १८८२च्या एप्रिलमध्ये त्यांनी तो खणला. आत विटांचा स्तूप निघाला, स्तूपाच्या गाभ्यात विटांची कोठडी आणि कोठडीत दगडी करंडा. करंड्याचं झाकण उघडलं तर मध्ये तांब्याची डबी आणि तिच्याभोवती कडं करून बसलेल्या आठ धातुमूर्ती: सात बुद्ध आणि आठवा अजून यायचा असलेला मैत्रेय. तांब्याच्या डबीत चांदीची, चांदीच्या डबीत दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि सगळ्यांत आत सोन्याची. शिवाय सोन्याची फुलं. आणि एवढ्या थाटामाटात जपलेला ऐवज काय, तर मातीच्या भांड्याच्या बारीक ठिकऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचेच हे तुकडे, असं भगवानलालांचं मत.

खरा पेच पुढेच आहे. सोबत सापडलेलं चांदीचं नाणं सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे सहा-सातशे वर्षांनी कुणीतरी हा स्तूप उघडला, आठ मूर्ती मांडल्या आणि पुन्हा बंद केला. त्यासाठी पैसा लागतो आणि श्रद्धाही. सोपारा सातवाहनांबरोबर संपला असं मानणाऱ्यांना हा करंडा परस्पर उत्तर देतो.

हा सगळा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. भगवानलालांनी त्याच वर्षी सोसायटीच्या नियतकालिकात सोपारा आणि पाडण यांवर निबंध लिहिला. यातली पाडण ही गोरेगावची टेकडी. मालिकांच्या चित्रीकरणासाठी गोरेगावला जाणाऱ्या किती जणांना तिचं नाव ठाऊक असेल?

त्याच मोहिमेत भाटेला तलावाजवळ बसाल्टचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मीतल्या काही ओळी होत्या: अशोकाचा आठवा शिलालेख. पुढे १९५६ साली एशियाटिकचे ग्रंथपाल ना. आ. गोरे यांना जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. चौदा लेखांची अख्खी मालिका या बंदरावर उभी असणार, हा तर्क त्यामुळे पक्का झाला. नववा लेख लग्नकार्यातल्या, आजारपणातल्या, प्रवासाला निघतानाच्या निरर्थक विधींवर आहे, आणि विशेषतः बायकांच्या हौसेवर सम्राट जरा जास्तच घसरला आहे. आठवा त्याहून गोड. पूर्वीचे राजे शिकारीच्या, करमणुकीच्या सहली काढत. आपण राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असं तो सांगतो. या यात्रांमध्ये श्रमण-ब्राह्मणांना भेटावं, वृद्धांची विचारपूस करावी, खेड्यापाड्यातल्या माणसांना बघावं. बंदरात उतरणाऱ्या परदेशी खलाशांसमोर ‘प्रवास कशासाठी करावा’ हे कोरून ठेवणारं दुसरं गाव महाराष्ट्रात नाही.

आज काय उरलंय? नालासोपारा पश्चिमेला स्तूपाचं उघडं विटकाम आहे. चक्रेश्वर महादेवाच्या देवळाशी शिलाहारकाळातली शिल्पं आहेत. त्यांतली ब्रह्मदेवाची उभी मूर्ती एवढी देखणी आहे, की पूजेबाबत या देवाच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेचं वाईट वाटावं. त्यापलीकडे निर्मळ, गास, भुईगाव, म्हणजे केळीच्या बागा, बावखलं (गोड्या पाण्याची तळी), चर्च आणि देवळं. इमारतींच्या रेट्यात हा हिरवा पट्टा दरवर्षी आकसतोय, तेव्हा जायचं तर लवकर जावं. सकाळी निघावं, विरारकडच्या गाडीला तेव्हा गर्दी उलट्या बाजूला असते. सोबत आठव्या लेखाचा मराठी अनुवाद घ्यावा. स्तूपापाशी उभं राहून तो मोठ्यांदा वाचायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.