शेतकरी उत्पादक कंपनी : मालकी आणि भांडवल

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड परिसरात संत्र्याची फळे झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्यास विकण्याची पद्धत रूढ आहे. तोडणी, प्रतवारी व वाहतुकीचा खर्च अल्पभूधारकास एकट्याने पेलत नाही. परिणामी भाव ठरविण्याचे सामर्थ्य त्याच्याकडे उरत नाही.

या दुर्बलतेवर उपाय म्हणून योगिंदर अलघ समितीच्या शिफारशींनुसार २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद झाली. किमान दहा उत्पादक ती स्थापन करू शकतात. वैयक्तिक सभासदास, शेअर कितीही असले तरी, एकच मत असते. शेअर बाजारात विकले जात नाहीत. त्यामुळे मालकी शेतकऱ्यांकडेच राहते. परंतु बाहेरील भांडवलाचा मार्गही बंद होतो. सभासदांच्या तुटपुंज्या भागभांडवलावर शीतगृह उभे राहत नाही.

केंद्राच्या २०२० च्या योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपयांचे साहाय्य आहे. ते प्रारंभापुरतेच उपयोगी ठरते. नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या ‘सह्याद्री’ने प्रथम द्राक्ष निर्यातीतून व्यवसाय उभारला. २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांचे सुमारे ३१० कोटी रुपये तिने उपकंपनीत घेतले. मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली.

सारांश, अनुदानाने कंपनीची नोंदणी होते. ती टिकते सभासदांच्या मालावर. बाहेर चार पैसे अधिक मिळताच सभासद तिकडे वळला, तर कंपनी नावापुरतीच उरते. म्हणून माल कंपनीलाच देण्याची शिस्त आणि नफ्यातून वाढविलेला राखीव निधी हेच तिचे खरे भांडवल होय.