विश्लेषण : वायफायवर कोण आहे, हे स्कॅनर कसे ओळखतो?

घरातील वायफायला आता फोनच नव्हे, तर टीव्ही, कॅमेरे, बल्ब आणि प्रिंटरही जोडलेले असतात. नेटवर्क स्कॅनर त्यांची यादी काही सेकंदांत दाखवतो. मात्र यादीतले प्रत्येक अनोळखी नाव घुसखोराचेच असते, असे नाही.

उपकरणे सापडतात कशी?
घरगुती नेटवर्कमध्ये साधारण २५४ आयपी पत्ते वापरता येतात. स्कॅनर प्रत्येक पत्त्यावर ‘कोणी आहे का?’ अशी विचारणा करतो. एआरपी पद्धतीत उत्तर देणारे उपकरण आपला मॅक पत्ताही कळवते. पिंगला मौन पाळणारी उपकरणेही इथे सापडतात.

कंपनी कशी कळते?
मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो. त्यातील पहिले २४ बिट सहसा उत्पादकाची ओळख सांगतात. ही नोंद आयईईई ही संस्था ठेवते. पण हे नाव अनेकदा आतल्या चिपच्या कंपनीचे असते. त्यामुळे स्मार्ट बल्बच्या ब्रँडऐवजी ‘एस्प्रेसिफ’ असे दिसले, तर दचकू नये.

टीव्ही की प्रिंटर?
बरीच उपकरणे एमडीएनएस आणि एसएसडीपी या पद्धतींनी आपले नाव व सेवा स्वतःच जाहीर करतात. उघडे पोर्टही सुगावा देतात : ९१०० असेल तर बहुधा प्रिंटर, ५५४ असेल तर बहुधा कॅमेरा. गॉर्डन लायन यांनी १९९७ मध्ये आणलेले ‘एनमॅप’ तर प्रतिसादातील बारकाव्यांवरून ऑपरेटिंग सिस्टीमही ताडते. अर्थात, हा अंदाजच असतो.

फसगत कुठे होते?
अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन गोपनीयतेसाठी बनावट मॅक पत्ता वापरू शकतात. त्यामुळे घरचाच फोन ‘अज्ञात’ ठरतो. पत्त्यातील दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता बहुधा असा बनावट असतो. शिवाय नव्या फोनवरील ॲपना इतर उपकरणांचे मॅक पत्ते सहसा वाचता येत नाहीत. म्हणून राउटरमधील यादी अधिक भरवशाची.

मग काय करावे?
घरातले एकेक उपकरण बंद करून यादी पुन्हा पाहावी. सगळे बंद केल्यावरही एखादे नाव उरलेच, तर वायफायचा पासवर्ड बदलावा. कॅमेरा आणि राउटरचे मूळ पासवर्डही बदलावेत. २०१६ मध्ये ‘मिराई’ने असेच न बदललेले पासवर्ड वापरून लाखो उपकरणे ताब्यात घेतली होती. आणि हो, स्कॅन फक्त स्वतःच्या नेटवर्कचेच करावे. दुसऱ्याच्या नेटवर्कसाठी आधी परवानगी घ्यावी.