सोलापुरी चादरीतून शिवा किंडल-टॅबचं कव्हर, पण आत पुठ्ठा हवाच!

सॅकमध्ये ठेवलेला ई-रीडर बहुतेक वेळा खाली पडून फुटत नाही, तो दाबला जाऊन जातो. किंडलसारख्या बऱ्याच रीडरमध्ये ई-इंक पडद्याखाली काचेचा पातळ थर असतो. जुळे सोलापूरहून केगावच्या विद्यापीठात जाताना बसच्या गर्दीत डब्याचा कोपरा त्यावर रुतला, की वरून ओरखडाही दिसत नाही, पण अर्ध्या स्क्रीनवर रेघा कायमच्या गोठतात. ही स्क्रीन बदलणं स्वस्त नसतं. नुसतं जाड कापड ओरखडे आणि छोटे धक्के थांबवतं, टोकदार दाब नाही. म्हणून स्क्रीनच्या बाजूला पुठ्ठा घालायचा.

कापड कोणतं?

घरातली जुनी सोलापुरी चादर बघा. जाड सुती कापड, आणि नक्षी दोन्ही बाजूंना, फक्त रंग उलटे. म्हणजे कोणती बाजू बाहेर ठेवायची ते तुमच्या हातात. मधल्या थराला जुना टर्किश टॉवेल, आतून मऊ सुती साडी. टॉवेल थेट आत लावू नका, त्याची लव चार्जिंगच्या भोकात जाते. चादर नवी असेल तर आधी धुवा. आटायची ती आटेल, रंग जायचा तो जाईल.

माप

जुन्या रजिस्टरचे दोन पुठ्ठे एकमेकांना चिकटवून रीडरच्या आकाराचे कापा. पुठ्ठा स्क्रीनवर ठेवा, वरून टॉवेल गुंडाळा आणि टेपने रुंदीच्या बाजूने घेर मोजा. घेराच्या निम्मे अधिक ३ सेमी (शिलाईचे २, सैलपणाचा १), ही कापडाची रुंदी. लांबीसाठी टेप समोरच्या वरच्या काठापासून तळाखालून मागच्या वरच्या काठापर्यंत न्या आणि त्यात ७ सेमी मिळवा. २०२१ च्या किंडल पेपरव्हाइटला (१७.४ × १२.५ सेमी) साधारण १७ × ४४ सेमीचा तुकडा लागतो. टॅब असेल तरी रीत हीच.

शिलाई

चादर कापली की कडेचे धागे सुटायला लागतात, त्यामुळे आधी कडेने झिगझॅग मारा किंवा टेलरकडून इंटरलॉक करून आणा. टॉवेल चारही बाजूंनी १ सेमी लहान कापून चादरीला आतून कच्च्या दोऱ्याने टाचा. हे टाळू नका. टॉवेल शिलाईत आला तर थर इतके वाढतात की घरची मशीन अडते, सुई मोडते. सुई १६ नंबरची लावा, टाका मोठा ठेवा, जाड जागी चाक हाताने फिरवा.

आता चादर उलटी दुमडून दोन्ही बाजू शिवा आणि सुलटी करा. साडीची पिशवीही तशीच शिवा, पण दोन-तीन मिलिमीटर अरुंद, म्हणजे आत चुण्या पडत नाहीत. ती न उलटवता आत सरकवा. टॉवेल आणि साडी यांच्यामध्ये पुठ्ठा घाला आणि दोन्ही तोंडं आत दुमडून शिवा. पुठ्ठ्याच्या बाजूला मात्र हाताने कच्चे टाके घाला. धुताना उसवून पुठ्ठा काढता येतो. ही बाजू ओळखण्यासाठी बाहेरून रंगीत धाग्याची खूण करा, स्क्रीन नेहमी तिकडेच.

बंद कशाने करायचं?

पर्सला असतं तसं चुंबकाचं बटण नको! बऱ्याच टॅब आणि रीडरमध्ये चुंबक ओळखणारा सेन्सर असतो. कव्हर मिटलं की स्क्रीन झोपते ती त्याच्यामुळेच. बटण भलत्या जागी आलं तर सॅकमध्ये स्क्रीन चालू-बंद होत राहील आणि बॅटरी संपेल. साधं इलॅस्टिक आणि कापडी बटण लावा, तेही पाठीमागच्या बाजूला.

आणि उन्हाळ्याचं लक्षात ठेवा. ॲपल आयपॅड ३५ अंशांपर्यंतच वापरायला सांगते, बंद ठेवायचा तरी ४५ पर्यंत. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये सावलीतच चाळिशी पार होते, गाडीच्या डिकीचं तर विचारूच नका. हे तीन थर उष्णताही धरून ठेवतात, तेव्हा चार्जिंगला लावताना टॅब कव्हरबाहेर काढा.