ट्रकची हवा

सायकलचा ब्रेक आपण हाताने दाबतो. हाताचा जोर तारेतून रबरापर्यंत जातो आणि चाक थांबते. मालाने भरलेला ट्रक असा पायाच्या जोराने थांबत नाही. त्याला थांबवते ती हवा.

ट्रकच्या इंजिनाबरोबर एक पंप चालतो. त्याला कंप्रेसर म्हणतात. तो बाहेरची हवा ओढतो आणि दाबून लोखंडी टाक्यांत भरतो. टाक्या भरल्या म्हणजे हवेच्या मीटरचा काटा सात-आठ किलोवर जातो. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सात-आठ किलोचा भार. ड्रायव्हर पायडल दाबतो, तेव्हा तो या हवेची वाट उघडतो. हवा नळीतून चाकाजवळच्या डब्यात शिरते. डब्यात रबरी पडदा असतो. हवा पडद्याला ढकलते, पडदा दांड्याला ढकलतो, आणि शेवटी ड्रमच्या आतले लायनर ड्रमला घट्ट भिडतात.

माझा एक जुना विद्यार्थी नांदगावलाच राहतो आणि ट्रक चालवतो. गाडी त्याच्याहून थोडीच लहान असेल! एकदा जानेवारीत तुरीची पोती भरून तो अकोल्याच्या दालमिलला निघाला होता. मी दिसताच म्हणाला, "गुरुजी, अर्धा तास झाला, काटा पाचाच्या वर चढूनच नाही राहिला." तेवढ्यात मालकाचा फोन आला. "निघ ना बे, रस्त्यानं भरते हवा!"

पोरगा घुटमळला. मग त्याने इंजिन बंद केले. आवाज थांबला तशी गाडीखालून बारीक सूंऽऽ ऐकू आली. चहाच्या टपरीवरून पेलाभर पाणी घेतले, त्यात साबणाचा चुरा घोळला आणि नळ्यांच्या सांध्यांना लावत गेला. एका जागी फुगे आले. नळी चेसीला घासून घासून झिजली होती. नवी नळी बसवेपर्यंत तीन तास गेले. मालक रागावला. ती नळी वाटेत फुटली असती तर काय झाले असते, ते मात्र त्याने विचारले नाही.

मी त्या पोराला आणि त्याच्या मिस्त्रीला खोदून खोदून विचारले. पुढचे त्यांच्याकडून शिकलेले.

आधी गाडी सपाट जागी उभी करावी आणि चाकांना दगड लावावे. गाडीखाली जायचे ते त्यानंतरच. टाक्या भरल्या की इंजिन बंद करावे, पायडलला पाय लावू नये, आणि मीटरकडे पाहावे. काटा उतरू लागला तर टाकी, टाकीकडच्या नळ्या किंवा पायडलखालचा व्हॉल्व्ह तपासावा. काटा स्थिर असेल तर पायडल दाबून धरावे. आता तो उतरतच राहिला, तर दोष व्हॉल्व्हच्या पुढे आहे. बहुधा चाकाजवळच्या डब्यातला पडदा फाटलेला असतो. एकाने पायडल दाबावे, दुसऱ्याने बाजूला उभे राहून कान द्यावा. कोणता डबा ते लगेच कळते.

गळती कोठेच नाही, तरी हवा सावकाश भरते? मग कंप्रेसरकडे जावे. हवेची जाळी धुळीने बुजलेली असेल, पट्ट्यावर चालणारा असेल तर पट्टा सैल असेल, नाहीतर रिंगा झिजल्या असतील. रिंगांची खूण टाकीच्या पाण्यात मिळते. हवेतला ओलावा टाकीत साचतो, म्हणून खालची तोटी रोज उघडून पाणी काढायचे असते. त्या पाण्यात तेल फार आले तर रिंगा तपासाव्या. पाणी काढलेच नाही तर हवेला जागा कमी पडते आणि व्हॉल्व्ह गंजतात. हे काम क्लीनर टाळतात.

हवा पुरी आहे, पण ब्रेक उशिरा लागतो. अशा वेळी लायनर झिजलेले असतात आणि दांडा फार लांब बाहेर येतो. स्लॅक आवळून घ्यावा, पण दोन्ही बाजूंचा सारखा. एकच आवळला तर गाडी त्या बाजूला ओढते.

हवा वाटेतच संपली तर? जुन्या पद्धतीच्या गाड्यांत ब्रेकच जातो. म्हणून काटा साडेचार-पाचाच्या खाली असला, किंवा भोंगा वाजत असला, तर गाडी हलवू नये. पुष्कळ गाड्यांच्या मागच्या डब्यांत मात्र जबर स्प्रिंग असते. हवा तिला दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाक जखडते. ही युक्ती रेल्वेतली. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस याने 1869 साली आगगाडीला हवेचा ब्रेक लावला. त्यात नळी तुटली की ब्रेक जाई. पुढे 1872 साली त्याने उलटे केले. नळीतली हवा गेली की ब्रेक आपोआप लागावा. आज बडनेऱ्यावरून जाणाऱ्या मालगाड्यांतही तेच तत्त्व आहे.

चिखलदऱ्यासारख्या घाटात उतरताना काही जण डिझेल वाचवायला इंजिन बंद करतात. इंजिन बंद म्हणजे कंप्रेसर बंद. प्रत्येक दाबाला हवा घटते, ती भरून येत नाही. वरून ड्रम तापून ब्रेकची पकड सुटते. उतारावर खालचा गिअर टाकावा, म्हणजे इंजिनच गाडीला धरते.

आणि तो स्प्रिंगचा डबा घरी कधीही उघडू नये. आतली स्प्रिंग झाकण गोळीसारखे फेकते, माणूस जागीच जातो. ते काम जाणत्या मिस्त्रीचे. तो आधी बोल्टाने स्प्रिंग बांधून घेतो, आणि मगच डब्याला हात लावतो.