तंबाखूच्या डबीतली बडीशेप

बडीशेप म्हणजे जेवणानंतर चिमूटभर तोंडात टाकायची, एवढीच आपली तिच्याशी ओळख. मी मात्र ती कुंडीत लावली एका डबीशी वैर म्हणून. आमच्या ह्यांची तंबाखूची डबी! गालाच्या आतला पांढरा चट्टा पाहून डॉक्टरांनी बजावले, "आता ही डबी बंद." डबी बंद झाली, पण जेवण झाले की हात खिशाकडे जायचा काही थांबेना.

आम्ही टेंभी नाक्याला राहतो. १९७८ सालापासून इथे नवरात्रात देवी बसते. तिची गर्दी ओसरते तेव्हा पाऊसही बहुधा सरलेला असतो. तोच बडीशेपेच्या पेरणीचा काळ. मी हौसेने डब्यातली बडीशेप पेरली. पंधरा दिवस पाणी घातले, एक कोंब दिसेना. सासूबाई हसून म्हणाल्या, "अगं, भाजलेली ना ती! उगवेल कशी?"

मग बियाणे आणले. रात्रभर भिजवून, फूटभर खोल कुंडीत अर्ध्या पेराएवढे खाली टोकले. शेपू, कोथिंबीर, ओवा ह्यांच्याच कुळातली ही. पण हिचे सोटमूळ खोल जाते, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावले तर रुसते. पेराल तिथेच वाढू द्या. भरपूर ऊन हवे, पाणी साचता कामा नये. दहाबारा दिवसांत कोंब येतात. दाटी झाली की विरळणी करावी. उपटलेली कोवळी पाने कोशिंबिरीत छान लागतात. मावा पडला तर पाण्याच्या धारेने धुऊन काढावा.

संक्रांतीनंतर पिवळ्या फुलांच्या छत्र्या आल्या, शिमग्याच्या सुमारास दाणे भरले. सगळे एकदम तयार होत नाहीत. हिरवे, टपोरे होतील तशी एकेक छत्री खुडून सावलीत वाळवली. उन्हात हिरवा रंग उडतो. सारे मिळून वाटीभरही झाले नाहीत! ऊंझ्याच्या बाजारातली पोती कुठे नि आमची कुंडी कुठे!

पण ह्यांनी ते दाणे स्वतः निवडले आणि घासूनपुसून ठेवलेल्या त्याच डबीत भरले. बडीशेप हे काही तंबाखूवरचे औषध नव्हे. चट्टा डॉक्टरांना दाखवत राहावेच लागते, आणि सोडायची ती निश्चयानेच. तरी खिशाकडे जाणाऱ्या हाताला काहीतरी लागायला हवे ना?

यंदा देवीचे विसर्जन झाल्यावर ह्यांनीच कुंडीत माती भरली. मी बियांची पुडी पुढे केली, तर गंभीर चेहऱ्याने विचारतात कसे, "भाजलेली नाही ना आणलीस?"