‘काढणे’ आणि ‘काढून टाकणे’ : मोटारीच्या अंतर्भागातील जोडसामानाच्या निमित्ताने

कारखान्यातून नवी मोटार बाहेर पडते तेव्हा तिच्या अंतर्भागात ग्राहकाने न मागितलेल्या कित्येक वस्तू बसवलेल्या असतात. जमिनीवर अंथरलेला गालिचा व त्याखालचा नमद्याचा थर, दरवाजांच्या आतील बाजूची आवरणे, उंबऱ्यावरच्या पट्ट्या, काचेवरची चिकटपत्रे, आसनांवरचे प्लॅस्टिक, पट्टा न लावल्यास वाजणारा बझर, हे सारे मोटारीबरोबर येते आणि त्यांतील काही मालकाला नकोसे असते. या वस्तू काढण्याचा व्यवहार वरकरणी गॅरेजमधला आहे. परंतु मालक आणि मिस्त्री यांच्यामध्ये तो ज्या शब्दांनी चालतो ते शब्द मराठी क्रियापदांच्या अभ्यासकाला उपेक्षणीय वाटू नयेत. शब्द चुकला तर येथे वस्तू मोडते, फेकली जाते, आणि एखाद्या प्रसंगी माणसाला इजाही होते.

वेंगुर्ले तालुक्यातील रेडी हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेला लागून, समुद्रकाठी वसलेले आहे. लोहखनिजाच्या खाणी, छोटे बंदर आणि यशवंतगड यांमुळे त्याचे नाव परिचित आहे. अशा ठिकाणी मोटारीतील गालिचा नकोसा होण्यास सबळ कारण असते. पावसाळ्यात पायांबरोबर आत आलेले पाणी नमद्यात मुरते, दमट हवेत ते वाळत नाही, बुरशीचा वास येऊ लागतो, आणि खाऱ्या हवेच्या साहाय्याने खालचा पत्रा गंजू लागतो. नव्या आसनावरचे प्लॅस्टिक जपून ठेवण्याची हौस पुष्कळांना असते. पण त्याखालीही हीच ओल कोंडते. तेव्हा हे सामान काढावे की नाही, हा प्रश्न येथे केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

‘काढणे’ हा शब्द मात्र फार ऐसपैस आहे. खाणीतून खनिज काढतात, विहिरीतून पाणी काढतात, पायांतले जोडे काढतात. इथपर्यंत ‘आत किंवा वर असलेली वस्तू बाहेर किंवा वेगळी करणे’ हा अर्थ एकसारखा चालतो. परंतु चित्र काढतात, आवाज काढतात, कर्ज काढतात, दिवस काढतात आणि दुकानही काढतात. येथे नसलेली वस्तू अस्तित्वात येते किंवा काळ कसाबसा पार पडतो. प्राकृतातील ‘कड्ढइ’ या रूपापासून आलेल्या या धातूचा मूळ अर्थ ‘ओढणे’ हा होता. जे ओढले जाते ते एका जागेवरून जाते आणि दुसऱ्या जागी प्रकट होते. मराठीने या दोन्ही बाजू एकाच क्रियापदात राखल्या. म्हणूनच ‘त्याने रेडीत गॅरेज काढले’ म्हणजे गॅरेज सुरू केले, आणि ‘त्याने गॅरेज काढून टाकले’ म्हणजे ते बंद केले. एका ‘टाकणे’ने अर्थ पार उलटा झाला.

संयुक्त क्रियापदांची चर्चा मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त आहे, आणि पुढील अभ्यासकांनीही या विषयाचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. व्याकरणात दुसऱ्या क्रियापदाला ‘सहायक’ म्हणतात खरे. पण प्रत्यक्ष व्यवहारात निर्णय बहुधा तेच देते. मालक मिस्त्रीला म्हणतो, ‘खालचा गालिचा काढून टाका.’ संध्याकाळी गालिचा गॅरेजमागच्या ढिगाऱ्यावर दिसतो, आणि मालकाला तो हवा होता. भांडण उद्भवते. भाषेच्या दृष्टीने मिस्त्रीची बाजू बळकट आहे. ‘टाकणे’ हे येथे क्रिया पुरी झाल्याचे सांगते आणि वस्तूपासून कायमची सुटकाही सुचवते. मालकाला अभिप्रेत होते ‘काढून ठेवा’. ‘ठेवणे’ने क्रियेचा परिणाम जपला जातो आणि वस्तू पुन्हा बसवण्याची वाट खुली राहते. ‘काढून घ्या’ म्हटले असते तर गालिचा मिस्त्रीचा झाला असता, कारण ‘घेणे’ने फळ कर्त्याकडे वळते. ‘काढून द्या’ म्हटले असते तर तो मालकाच्या हाती आला असता. गालिचा एकच, काम एकच. त्याची मालकी व त्याचे भवितव्य हे दुसऱ्या क्रियापदावर ठरते. मोटार पुढे विकायची असल्यास मूळचे सामान जपलेले असणे मालकाच्या हिताचे असते, म्हणून हा भेद केवळ शब्दच्छल ठरत नाही.

दुसरा भेद वस्तू कशी बसवलेली आहे यावर अवलंबून असतो. बसवताना मराठी फारशी चिकित्सा करीत नाही. काच बसते, क्लिप बसते, आसन बसते, स्क्रू बसतो. (नवरात्रात घट बसतात आणि दसऱ्याला उठतात, मोटारीतला भाग मात्र बसला तरी कधी ‘उठत’ नाही.) वस्तू वेगळी करताना मात्र भाषा कमालीची काटेकोर होते. स्क्रूने आवळलेला भाग खोलतात किंवा सोडवतात. शिवलेले आवरण उसवतात. चिकटवलेला कागद सोलून काढतात, उरलेला गोंद खरवडतात. खाचेत अडकलेली पट्टी निखळवतात. जोर लावून, पटाशीसारखे काही घालून जे उघडले जाते ते उचकटतात. कोकणातील वाचकाला या व्यवस्थेचे नवल वाटू नये. माडावरचा नारळ पाडतात, त्याचे सोडण सोलतात, करवंटी फोडतात आणि खोबरे खवतात. एका फळाच्या या चार अवस्थांपैकी एकीचे क्रियापद दुसरीला लावले तर ऐकणारा हसेल.

अशी विभागणी सर्वच भाषा एकसारखी करीत नाहीत. सूनजा चोई आणि मेलिसा बोअरमन यांनी १९९१ मध्ये इंग्रजी व कोरियन मुलांच्या भाषेची तुलना प्रसिद्ध केली. इंग्रजी वस्तू ‘आत’ आहे की ‘वर’ आहे हे पाहते. कोरियनमधील ‘क्किदा’ आणि ‘प्पेदा’ ही क्रियापदे वस्तू घट्ट जुळून बसली आहे की नाही हे पाहतात. पहिले बसवण्याचे, दुसरे काढण्याचे. मराठी या दोहोंपासून वेगळी आहे. घट्टपणापेक्षा जोडाचा प्रकार, म्हणजे टाका, गोंद, पेच किंवा खाच, तिला अधिक महत्त्वाचा वाटतो. शिंपी, सुतार, लोहार व शेतकरी यांच्या कामांतून ही क्रियापदे आली असल्यामुळे असे झाले असावे, हा तर्क गैर ठरू नये.

मोटारीच्या दरवाजाचे आतले आवरण हे या सर्व क्रियापदांचे एकत्र उदाहरण होय. त्याचे काही स्क्रू झाकणाखाली दडलेले असतात. ते आधी सोडवावे लागतात. मग कडेने प्लॅस्टिकच्या क्लिपा एकेक करून निखळवायच्या असतात. उन्हाने व वयाने त्या ठिसूळ झालेल्या असतात. शेवटी काचेच्या आणि कुलुपाच्या तारांची जोडणी सोडवायची असते. परदेशी दुरुस्तिपुस्तिकांत या तिन्ही पायऱ्यांना पुष्कळदा एकच इंग्रजी क्रियापद असते, आणि मराठी अनुवादक तिन्ही ठिकाणी ‘काढा’ लिहून मोकळा होतो. शिकाऊ मुलगा मग स्क्रू शिल्लक असतानाच आवरण ओढतो. जो मिस्त्री तोंडाने ‘आधी खोल, मग निखळव, तार सोडव, ओढू नको’ असे सांगतो, त्याचे मराठी छापील पुस्तिकेपेक्षा सरस असते. मागील काचेवरील चिकटपत्राचीही अशीच कथा आहे. ते ऊब देऊन सोलायचे असते. ‘खरवडा’ असे लिहिले की काचेवरील धुके घालवणाऱ्या बारीक विद्युत्-रेषा पात्याने तुटतात, आणि त्या तुटल्यावर काच पूर्ववत् होणे कठीण.

परिभाषेसंबंधी येथे एक गोष्ट नमूद करणे इष्ट आहे. बदलण्यासाठी मिळणाऱ्या भागांना मराठीत ‘सुटे भाग’ म्हणतात. जे अजून कोठे बसलेलेच नाहीत त्यांना ‘सुटलेले’ म्हणण्याची ही लकब मोठी बोलकी आहे. ‘मिस्त्री’ आणि ‘चावी’ पोर्तुगीजांकडून आले, ‘पेचकस’ फार्सी वळणाचा आहे, नट-बोल्ट इंग्रजी आहेत. नामे परकी असली तरी क्रियापदे मात्र जवळजवळ सर्व घरची राहिली. परिभाषाकोशांचा भर नामांवर असतो. क्रियापदांकडे त्यांनी थोडे अधिक लक्ष पुरवले असते तर अनुवादकांचे काम सुकर झाले असते.

तिसरा प्रश्न जबाबदारीचा. मराठीत अकर्मक व सकर्मक धातूंची एक जुनी जोडी आहे : तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, फाटणे–फाडणे, सुटणे–सोडणे. प्राकृतात ‘फुट्टइ’ मधील द्वित्त ‘ट्ट’ मराठीत ‘ट’ म्हणून टिकला, आणि ‘फोडेइ’ मध्ये स्वरांमधील ‘ट’ चा ‘ड’ झाला होता तो तसाच राहिला. ध्वनीच्या या इतिहासामुळे मिस्त्रीला एक सोय उपलब्ध झाली आहे. तो ‘क्लिप तोडली’ असे कधी म्हणत नाही, ‘क्लिप तुटली’ असे म्हणतो. कर्ता वाक्यातून नाहीसा होतो. ‘काढणे’ला या घराण्यात जोडीदार नाही, त्याचे अकर्मक रूप ‘निघणे’ हे निराळ्याच धातूचे आहे.

हे ‘निघणे’ नकारार्थी झाले की त्याला एक विशेष अर्थ येतो. ‘हे निघत नाही’, मालवणीत ‘ह्या निघना नाय’, यात प्रयत्न करूनही वस्तू दाद देत नाही असा अर्थ आहे. ए. एम. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणात कुडाळी बोलीवर १९६५ मध्ये स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. या भागाच्या बोलीच्या अभ्यासकाला तो आजही टाळता येत नाही. प्रस्तुत रचना प्रमाणभाषा व बोली या दोहोंत सारखीच आढळते. अडचण अशी की ‘निघत नाही’ हे ऐकणाऱ्याला आव्हान वाटते. तो आणखी जोर लावतो. निषेध व्यक्त करायचा असेल तर ‘काढू नये’ असेच म्हटले पाहिजे. एअरबॅगच्या बाबतीत हा भेद प्राणाशी गाठ घालणारा आहे. सुकाणूचक्राच्या मध्यावरचे आवरण ‘निघत नाही’ असे सांगितलेला शिकाऊ ते उचकटू पाहील. बॅटरीची जोडणी सोडवल्यानंतरही एअरबॅगच्या यंत्रणेत साठवलेली वीज काही काळ शिल्लक राहते, म्हणून पुस्तिकेत दिलेला अवधी थांबावे लागते. चुकून ती पेटल्यास पिशवी सेकंदाच्या काही शतांशांत फुगते, तोंड मागे घेण्यास वेळ मिळत नाही. आसनाच्या कुशीत एअरबॅग असेल तर त्यावरून घट्ट आवरण चढवणे हेही तितकेच घातक होय.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग, आसनपट्ट्याची आठवण देणारा बझर आणि वेगाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेला की ही यंत्रणा अधूनमधून वाजते, १२० च्या पुढे अखंड. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाने नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई केली आहे. गालिचा नोंदणीपत्रात नसतो, तो काढता येतो. मागचे आसन काढले तर बैठकीची संख्या बदलते, आणि प्रकरण निराळे होते. ‘नकोसे सामान’ या एका नावाखाली सुखसोय आणि संरक्षण या दोन भिन्न कोटी मिसळतात त्या अशा.

बझरच्या बाबतीत तर भाषेने स्वतःच गुंता करून ठेवला आहे. ‘आवाज काढा’ या आज्ञेचा मराठी अर्थ ‘आवाज करा’. म्हणून नको असलेला आवाज ‘काढून टाका’ किंवा ‘बंद करा’ असे म्हणावे लागते. बाजारात यावर उपाय म्हणून एक छोटी धातूची चकती मिळत असे. पट्ट्याच्या जागी ती खाचेत ‘लावली’ की बझर गप्प बसतो. म्हणजे येथे काहीच काढले जात नाही, उलट एक वस्तू अधिक बसवली जाते, आणि पट्टा मात्र निरुपयोगी होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात मागील आसनावरील सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्या कंपन्यांना या चकत्या विक्रीतून हटवण्याचा आदेश दिला, आणि १३,११८ नोंदी काढण्यात आल्या. विक्रेत्यांच्या जाहिरातींत या वस्तूचे वर्णन ‘जोडसामान’ असेच होते.